नॅट टाइप ३: लॉबी मिळेपर्यंतचा माझा अनुभव

घरात फायबर, कन्सोलला थेट लॅनची केबल, स्पीडटेस्ट झकास. तरी ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या गेममध्ये लॉबीसाठी (सामन्याआधी खेळाडू जमतात ती जागा) ताटकळत बसायचं, आणि पार्टीत, म्हणजे मित्रांच्या ग्रुप कॉलमध्ये, एका मित्राचा आवाज यायचा तर दुसऱ्याचा नाही. प्लेस्टेशनच्या कनेक्शन टेस्टने उत्तर दिलं: नॅट टाइप ३. म्हणजेच स्ट्रिक्ट. नॅट म्हणजे घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्याची राउटरची सोय; ती बाहेरून येणाऱ्या जोडण्या किती अडवते त्यावरून टाइप १ ओपन, २ मॉडरेट, ३ स्ट्रिक्ट.

गेम आधी डेटा सेंटरांपर्यंतचा पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) मोजतो, मग मोड आणि खेळाडूंचं कौशल्य बघून लॉबी भरतो. वाट लांबली की अटी सैल करत जातो. पिंगला पहिला मान, हे गेम बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनने २०२४ मध्ये स्वतःच सांगितलंय. पण कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात तिथे नॅट आडवा येतो. ओपनवाला कुणाशीही जोडला जातो, मॉडरेटचं स्ट्रिक्टशी जमत नाही, आणि स्ट्रिक्टला फक्त ओपनवाला चालतो.

राउटरमध्ये यूपीएनपी (लागणारे पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू केलं, यूडीपी ३०७४ पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे गेमच्या त्या दारावर येणारा डेटा थेट कन्सोलकडे वळवला. ढिम्म फरक नाही. मग राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघितला. सुरुवात १००.७२ ने, आणि ‘माझा आयपी काय’ असं गूगलवर शोधलं तर भलताच आकडा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आयपी दिसला की समजा तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे इंटरनेट कंपनीने स्वतःच्या नेटवर्कमध्ये बसवलेल्या नॅटमागे, आहात. आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे इंटरनेट) पत्ते संपत आल्यामुळे कंपनी एकाच पब्लिक पत्त्यावर अनेक घरं बसवते. गेटवर पार्सल आलंय, पण त्यावर फ्लॅट नंबरच नाही, तसा प्रकार. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, डेटा तिथवर पोचतच नाही.

हे कस्टमर केअरला पटवण्यात माझा जीव मेटाकुटीला आला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा. ‘सर, स्पीड येतोय ना बरोबर?’ येतोय. ‘मग राउटर रीस्टार्ट करा.’ तो करून झाला की ‘गेमचा प्रॉब्लेम आहे सर, आमचा नाही.’ फोन ठेवेपर्यंत एसएमएस हजर: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी सोडवली? कशी? वरच्या माणसाशी बोलायचंय म्हटलं की ‘कॉलबॅक येईल.’ तो कधीच आला नाही. महिन्याचे पैसे वेळेवर घेणाऱ्या कंपनीला स्वतःच्या नेटवर्कमध्ये काय बसवलंय हे ग्राहकाने समजावून सांगायचं, याचा मला अजून राग येतो.

वाट दाखवली ती फायबर जोडायला येणाऱ्या मुलाने. ‘दादा, नॅट-बिट बोलू नका, त्यांना कळत नाही. स्टॅटिक आयपी पाहिजे म्हणा. सीसीटीव्हीवाले तेच मागतात.’ स्टॅटिक आयपी म्हणजे फक्त आपल्या कनेक्शनचा, न बदलणारा पब्लिक पत्ता. तसं म्हटल्यावर फोन वेगळ्या विभागाकडे गेला, जादा शुल्क सांगितलं, मी भरलं. आयपी बदलला, राउटर चालू केला, टेस्ट घेतली: टाइप २. लॉबी झटपट भरली, पार्टीतले सगळे एकदम बोलायला लागले. इतकं हायसं वाटलं!

हो, पोर्ट फॉरवर्ड करण्याआधी राउटरमध्ये कन्सोलचा आतला आयपी रिझर्व्ह करा, नाहीतर तो बदलला की सगळं मुसळ केरात. कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावला असेल तर कंपनीचा डबा ब्रिज मोडला (तो डेटा नुसता पुढे सोडतो) टाकून घ्या, दुहेरी नॅट टळतो. आणि नवं कनेक्शन घेत असाल तर पैसे देण्याआधीच विचारा: पब्लिक आयपी मिळेल का, आणि केवढ्याला?