केदारकांठा, एप्रिल : उरलेल्या बर्फावरची नोंद

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आटोपली की इंदुरात उन्हाळा सुरू होतो आणि आमच्या ग्रुपमध्ये बर्फाच्या गप्पा. यंदा एप्रिलमध्ये उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराचा ट्रेक केला. जानेवारीतल्या ताज्या बर्फाबद्दल बरंच लिहिलेलं सापडतं, म्हणून ही नोंद फक्त वितळत्या बर्फाची.

तयारी इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर. चंबळेच्या उगमावर दर्शनाला आलेली मंडळी आमच्या फुगलेल्या सॅक बघून हसायची. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं, वर झाडांना पाणी घालायचं आणि रिकाम्या सॅकनं उतरायचं, गुडघे वाचतात. दम त्यानं नक्की वाढला. बर्फावरचा तोल मात्र माळव्यात शिकता येत नाही.

पायथ्याच्या सांकरी गावाहून चढताना सुरुवातीला बर्फ फक्त सावलीत आणि उत्तरेकडच्या उतारांवर. बुरांशाची झाडं फुललेली. वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याच्या वर बर्फ सलग होत गेला आणि खरा अभ्यास तिथून सुरू झाला.

या मोसमात सगळा खेळ वेळेचा. दिवसा उन्हानं वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. पहाटे तो इतका टणक असतो की बुटाची खूणही उमटत नाही. ऊन चढलं की त्याच जागी पाय गुडघ्यापर्यंत आत. शिखर सुमारे ३,८०० मीटरवर. तिकडे पहाटे तीनच्या सुमारास निघतात ते सूर्योदयासाठी, असं सगळे सांगतात. माझ्या मते खरं कारण उतरतानाचा बर्फ. त्यातही रात्रीचं आकाश बघून ठेवा. निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि तो नीट गोठतो. ढग असतील तर पहाटेसुद्धा भुसभुशीत मिळू शकतो. झोपण्याआधी तंबूतून डोकं बाहेर काढून चांदण्या दिसतात का ते पाहणं हे मला अर्ध्या सामानापेक्षा उपयोगी वाटतं.

टणक बर्फावर मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे धातूचे दात) घातले. पाऊल सपाट टेकवायचं, म्हणजे सगळे दात रुततात. जानापावला चवड्यावर चढायची लागलेली सवय इथे नडते. उन्हात ओला बर्फ दातांत अडकून तळव्याखाली गोळा जमतो. काठीनं ठोकून पाडायचा. उतरताना टाच रोवायची आणि अंग मागे टाकायचं नाही, मागे रेललात की बसलातच. आमच्यातले एक काका साठीपुढचे, पण सगळ्यांत कमी घसरले, कारण घाई नाही. कुणी पुढे धावलं की मागून त्यांची इंदुरी हाक यायची, "भिया, आराम से!"

शिखराच्या उतारापेक्षा मला जंगलातली वाट जास्त बेरकी वाटली. सावलीत पावलांनी दाबला गेलेला बर्फ रात्रीत गुळगुळीत होतो आणि तिथे सगळे गाफील असतात. झाडांच्या बुंध्यांभोवती, मोठ्या खडकांच्या कडेला बर्फ आतून पोकळ असतो, तिथून लांबून जावं. बर्फाखालून पाण्याचा आवाज आला तर पायाखाली ओढ्यावरचा बर्फाचा पूल आहे असं समजा. दुपारी त्यावर पाय नकोच.

थंडीचा हिशेब सोपा आहे. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे साडेपाचशे मीटरवरच्या इंदूरपेक्षा शिखर वीसेक अंशांनी थंड. उन्हाचा हिशेब लोक विसरतात. स्वच्छ, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही सनस्क्रीन लावा, गॉगल कडेनं बंद असलेला घ्या.

वरून स्वर्गारोहिणी, काळानाग, बंदरपूंछ ही शिखरं दिसली. फोटो सगळ्यांकडे असतात, त्यावर लिहीत नाही.

पुढे मे महिन्यात हिमाचलमधल्या सार पास खिंडीचा ट्रेक करायची इच्छा आहे. त्याआधी घसरताना आइस अॅक्सनं (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीनं) स्वतःला थांबवणं नीट शिकायचंय. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा बेसिक कोर्स २८ दिवसांचा आहे. एवढी रजा मिळणं अवघड, त्यामुळे लहान शिबिराची चौकशी चालू आहे. कुणी केलं असेल तर सांगा.