तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॅनचा गिअरबॉक्स दुकानात का नाही दिला?

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, आईच्या रविवारच्या फोनवर, गेलं दीड वर्ष एकच प्रश्न: "अगं, पण दुकानात का नाही टाकलीस गाडी?" त्यातलं "बाई असून" कुणी तोंडाने म्हणत नाही, ते चेहऱ्यावर असतं. मी आपली "पैसे वाचवायला" म्हणून मोकळी होते, पण ते अर्धंच खरं आहे, म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकते.

गाडी म्हणजे १९८३ ची डॉज बी-३५०, उंच छताची कॅम्पर व्हॅन, ५.९ लिटरचं व्ही-एट इंजिन, तेही कार्ब्युरेटरवालं, आणि त्याच्यामागे तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट ७२७ ऑटोमॅटिक. हा गिअरबॉक्स क्रायस्लरने १९६२ साली आणला आणि पुढे पंचवीसेक वर्षं ट्रक, व्हॅन, पोलिसांच्या गाड्या, सगळ्याला बसवला. आम्ही इंडियानापोलिसला राहतो, तिथून तासाभरावर कोकोमोला क्रायस्लरच्या गिअरबॉक्सचे कारखाने, म्हणजे आमची ही व्हॅन तशी माहेरी आलेली.

घेतली तेव्हा ठीक चालायची. मग त्या उन्हाळ्यात तिसरा गिअर पडला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी मात्र तेवढ्याच स्पीडला, आणि रिव्हर्समध्ये आमच्या ड्राइव्हवेचा एवढासा चढ चढेना. पहिला-दुसरा एकदम झकास. दोन ठिकाणी नेली, दोघांनीही खाली वाकून न बघता "पूर्ण बदलावा लागेल, साडेतीन हजार डॉलर" सांगितलं. व्हॅनच चार हजाराची! नवरा म्हणाला विकून टाकू. मी म्हटलं आधी पुस्तक वाचू.

आणि वाचल्यावर जे कळलं ते इतकं सरळ होतं की मला रात्री झोप येईना. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच (आतले फिरणारे भाग एकमेकांना जोडणारे) आणि दोन पट्टे (फिरणारा ड्रम आवळून थांबवणारे) असतात, आणि कुठल्या गिअरला कोण कामाला लागतं याचा तक्ता असतो. मागचा क्लच पुढे जायच्या सगळ्याच गिअरांत, पुढचा पट्टा दुसऱ्यात, मागचा पट्टा रिव्हर्समध्ये (आणि लिव्हर १ वर ठेवलात तर तेव्हा), आणि पुढचा क्लच फक्त तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये. फक्त तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये! म्हणजे माझ्या दोन तक्रारींचा आरोपी एकच. सासूबाई म्हणतात तसं, घरात दोनच डब्यांना मुंग्या लागल्या तर दोन्हींत सामाईक काय आहे ते बघ.

गिअरबॉक्सच्या खालचा तेलाचा पॅन उतरवला. त्याला चौदा बोल्ट आणि तेल सोडायला बूच नाही, त्यामुळे तेल आधी माझ्या कोपरावर आणि मग परातीत (हो, घरातलीच परात, आता ती गॅरेजचीच झाली). नवीन तेल कोकमाच्या सरबतासारखं लालभडक असतं, हे उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखं, वरून करपलेला वास, आणि पॅनच्या तळाशी काजळीसारखा बुक्का, म्हणजे क्लच प्लेटवरचं अस्तर झिजून खाली बसलेलं.

आता खरं उत्तर. प्लेट जळाली हे कळलं, पण का जळाली? ते शोधायला मी वर इंजिनाकडे गेले आणि तिथे एक दांडी सापडली, एका वायरला प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवलेली, लोंबकळू नये म्हणून. ही दांडी कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाच्या छोट्या लिव्हरपर्यंत जाते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबाल तितकी ती लिव्हर ढकलते, तितका आत तेलाचा दाब वाढतो आणि तितका क्लच घट्ट आवळला जातो. दांडी सुटली तरी गाडी चालते, उलट गिअर लवकर आणि मऊ पडतात, चालवणाऱ्याला वाटतं वा काय लोण्यासारखी गाडी आहे, आणि आत भर लोडवर क्लच घसरत घसरत जळत असतो. आधी कधीतरी कुणीतरी कार्ब्युरेटर बदललेला, नव्याला ही दांडी अडकवायला जागाच नव्हती, मग बांधून टाकली.

म्हणजे साडेतीन हजार घालून नवा गिअरबॉक्स बसवला असता आणि दांडी तशीच राहिली असती तर तोही जळाला असता. चांगल्या मेकॅनिकला ती दिसलीच असती, नाही असं नाही. पण मला भेटलेल्या दोघांनी बॉनेट उघडलं नव्हतं.

मग खोललाच. उतरवणं हे नुसतं हमालीचं काम, कन्व्हर्टरसकट (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) सत्तर-ऐंशी किलोचं धूड, भाड्याने आणलेल्या जॅकवर साखळीने बांधून इंचाइंचाने खाली. कन्व्हर्टर घरी खोलता येत नाही, तो वेल्ड करून बंद केलेला असतो, तो रीबिल्ट केलेलाच आणला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पुढच्या क्लचच्या पिस्टनच्या (तेलाच्या दाबाने क्लचच्या प्लेटा आवळणारा) सीलने. रबराची गोल रिंग, तिची ओठासारखी पातळ कड ड्रमच्या आत सरळ बसली पाहिजे, कुठेही दुमडता कामा नये. करंजीला मुरड घालतात त्याच्या बरोब्बर उलटं काम, इथे मुरड पडली की संपलं. मुलाच्या गिटारची एक तुटकी बारीक तार वाकवून तिने कड हळूहळू आत सारत गोल फिरायचं, भरपूर तेल लावून. पहिल्यांदा बसला असं वाटलं म्हणून पुढे सगळं जुळवलं, मग त्या क्लचच्या तेलाच्या भोकात कॉम्प्रेसरची हवा मारली. नीट बसला असेल तर आतून "ठप्प" असा आवाज येतो. मला आला "फुस्स". रात्रीचे साडेअकरा. परत खोललं, कड एका जागी नखाएवढी दुमडलेली. दुसरा सील, दुसरा दिवस, मग "ठप्प". तो आवाज ऐकायला मी नवऱ्याला ऑफिसच्या मीटिंगमधून उठवून आणलं.

व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेल कुठे पाठवायचं ते ठरवणारा भाग) पोलादी गोळ्यांपैकी एक बाकीच्यांपेक्षा मोठी असते, ती कुठे होती याचा फोटो काढून ठेवा. वॉशर जागच्या जागी राहायला व्हॅसलीन लावायचं, साधं ग्रीस नाही, व्हॅसलीन गरम तेलात विरघळून जातं.

आणि तेल मोजायचं ते न्यूट्रलमध्ये. माझ्या जुन्या टोयोटात पार्कमध्ये मोजायचे, तीच सवय. या ७२७ मध्ये पार्कला असताना कन्व्हर्टरला तेलच जात नाही, त्यामुळे पार्कमध्ये मोजलेल्यावर विसंबायचं नाही. लिव्हर न्यूट्रलवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू आणि गरम.

दांडीसाठी कार्ब्युरेटरला एक ब्रॅकेट लागला, तीस डॉलरच्या आतला. एकूण खर्च कन्व्हर्टर, दुरुस्तीचं किट, तेल, जॅकचं भाडं धरून नऊशेच्या आसपास, आणि अकरा वीकेंड. अकरा वीकेंडांचा हिशेब घरात अजून कुणी मागितलेला नाही, मीही काढत नाही.

ऑक्टोबरात ब्राउन काउंटीला गेलो, तिथे इंडियानातल्या मानाने बऱ्यापैकी चढ आहेत. आता तिसरा गिअर जरा झटका देऊन पडतो. नवरा म्हणाला आधी किती स्मूद होती. मी काही बोलले नाही, कॅम्पच्या जागेत रिव्हर्समध्ये चढावर गाडी लावून दाखवली.

यंदा गणपतीत मला प्लीज मोदकांबद्दल विचारा.