रसचंद्रिका आणि कारवारचा रविवारचा बाजार

आमच्या कारवारच्या घरी 'रसचंद्रिका' देवघराशेजारच्या फडताळात असायची. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली काढलेलं हे आम्हा भानपांच्या, म्हणजे चित्रापूर सारस्वतांच्या, पाककृतींचं पुस्तक, मूळ मराठीत. घरात आम्ही कोंकणीच बोलायचो. पण १९५६ पर्यंत कारवार मुंबई राज्यात होतं आणि आज्जी मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे तिला ते सहज वाचता यायचं.

रोजच्या स्वयंपाकाला मात्र ते कुणी उघडत नसे. खोबरं, भाजलेल्या सुक्या मिरच्या, चिंच... वाटण जवळजवळ एकच, फोडणी बदलली की पदार्थाचं नाव बदलतं. मोहरी-कढीपत्त्याची दिली की घश्शी, लसणीची दिली की कोद्देल, कांदा लाल परतून घातला की आंबट. हे आम्हा मुलींना बघूनबघूनच येत होतं. पुस्तक निघायचं ते सणावारी, किंवा कुणाला खोकला झाला की, कारण घरगुती औषधंही त्यात आहेत. मुंबईत संसार थाटलेल्या आत्यांना त्याची खरी गरज होती. मलाही पुण्यात आल्यावरच त्याची किंमत कळली.

आणि पुण्यात वाचतानाच जाणवलं, की या पानांमागे आमचा रविवारचा बाजार उभा आहे, आणि तो बाजार आमच्या समाजाचा नव्हता. भाजी आणायच्या त्या हालक्की बायका, आमच्याकडच्या शेती करणाऱ्या एका जमातीच्या. गळ्यात मण्यांच्या माळांवर माळा, डोक्यावर टोपली. आज्जीची एक ठरलेली भाजीवाली होती. "अम्मा, बसळे बेका?" (बसळे हवी का?) असं कन्नडमध्ये विचारत ती जुडी पुढे करायची. बसळे म्हणजे आमची वाली भाजी, मराठीतला मायाळू. जुडी केळीच्या सोपाने बांधलेली. ती एक जाड देठ उचलून नखाने कट्‌कन मोडून दाखवायची. मोडला तर कोवळा, दोरा निघाला तर जून. जून देठ ती स्वतःच बाजूला काढायची आणि आज्जीला सांगायची, हा फेकू नका, परसात पुरा. आमच्या विहिरीच्या कठड्यावर चढलेला वेल तिच्याच देठाचा. देठ डाळीबरोबर आधी शिजवायचे, पानं मागाहून टाकायची, हेही तिचंच सांगणं.

तिरफळंही बाजारातूनच यायची, पावसाळ्यात हिरव्या घोसांनी. झाड काटेरी, काढणाऱ्याचे हात ओरबाडून निघतात. वाळली की काळी बी टाकून साल तेवढी ठेवायची, आणि वाटणात वाटायची नाही, ठेचून वरून घालायची. उन्हाळ्यात कुमठ्याचा गोड कांदा वेण्या घालून हमरस्त्यावर टांगलेला असायचा. त्या कांद्याचं आंबट ज्याने खाल्लंय त्याला इकडच्या कांद्याचं गोड लागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. अंकोल्याचा करी इशाड आंबाही तसाच. आता त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय याचा मला फार आनंद आहे. त्याच्या रसाला साखर घालणाऱ्याशी मी भांडेन.

पुस्तकावर महिला समाजाचं नाव आहे ते योग्यच आहे. ज्या बायकांनी पदार्थ गोळा केले, मापं बसवली, युद्धाच्या महागाईत छापून काढलं, त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन. पण आमच्या रांधपाची चव ज्यांच्या वाफ्यातून आली, त्या हालक्की बायकांबद्दलही घराघरांत बोललं जावं असं मला फार वाटतं. त्या भाजी विकायच्या तशी ती शिजवायची कशी हेही सांगायच्या. आज्जीने ते ऐकलं, आईने आज्जीकडून घेतलं, आणि आम्ही त्याला 'आमच्या घरची पद्धत' म्हणू लागलो.

माझी लेक परवा फोनवर वाली भाजीच्या घश्शीचं विचारत होती. मी तिला सगळं सांगितलं, आणि देठ आधी घालायचे हे कुणी शिकवलं तेही सांगितलं. तिने गॅलरीतल्या कुंडीत देठ लावलाय. दोन पानं फुटलीत म्हणे.