पाणी आलं कुठून? पंधरा एचपीच्या आउटबोर्डची नोंद

गेल्या रविवारी यडूरजवळ, दूधगंगा कृष्णेला मिळते त्याच्या अलीकडेच, होडीच्या मागे लावलेलं माझं आउटबोर्ड इंजिन भकभक करत बंद पडलं. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. २०१९ च्या पुरानंतर जुनंच घेतलेलं. निपाणीला घरी आणून प्लग काढले तर दोन्ही ओले, थेंब चक्क पाण्याचे. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधली पाणी अडवणारी चकती, गेलं असं धरून मी पाना लावलाही.

शेजारचे मामा जन्मभर शेतीपंप दुरुस्त करत आलेले. म्हणाले, "हेड कशाला खोलूलालास? आधी कॉम्प्रेशन बघ की."

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब: वरच्यात ११२ पौंड, खालच्यात ११०. एवढ्याने गॅस्केट पूर्ण निर्दोष ठरत नाही, पण हेडला हात न लावायला पुरेसं होतं. मग कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. थोड्या वेळात तळाशी वेगळा थर दिसला. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात, तळाला बसतात. माझी टाकी पावसाळाभर अर्धीच भरलेली होती, झाकणावरचा हवेचा स्क्रूही उघडा.

इथे थांबलो असतो तर फसलो असतो. इंजिनच्या पाण्यात बुडणाऱ्या टोकाला गिअरपेटी असते, तिच्या गिअर ऑइलचा खालचा स्क्रू ढिला केला, तर तेलाआधी चमचाभर गढूळ पाणी आलं, मागून दुधाच्या चहासारखं तेल. या पाण्याचा टाकीशी काही संबंध नाही.

तेल सगळं काढलं, वरच्या भोकाला सायकलचा पंप जोडून १० पौंड हवा भरली, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. स्क्रूंचे वायसर ठीक, गिअर दांड्याचा सीलही ठीक. होडी ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्टही आधी गप्प होता; हाताने सावकाश फिरवला तेव्हा बुडबुडे आले. म्हणून ही तपासणी करताना शाफ्ट फिरवाच, मंडळी. पंखा उतरवला तर मागे मासेमारीची तंगूस गुंडाळलेली, सीलचा ओठ कापलेला.

त्याच मापाचा सील बेळगावात बेअरिंगच्या दुकानात मिळाला, स्टेनलेस स्प्रिंगचा. काल बसवला. नवं तेल खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत भरलं. वरून ओतलं तर आत हवा अडकते. टाकी रिकामी करून पुसली. रविवारी तासभर चालवणार, रात्रभर उभं ठेवणार आणि सोमवारी सकाळी खालचा स्क्रू पुन्हा ढिला करून बघणार.