मेंदूची जमीन, व्याकरणाचा नांगर

बुधवार, रात्री

जॉर्ज इलियटने (पुरुषी टोपणनावाने लिहिणारी एकोणिसाव्या शतकातली इंग्रज कादंबरीकार) ॲरिस्टॉटल कसा वाचला हे तिच्या कादंबऱ्यांतच नीट दिसतं. ‘द मिल ऑन द फ्लॉस’ (१८६०), दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण. शाळकरी टॉम टलिव्हरच्या डोक्यात लॅटिन आणि भूमिती काही केल्या शिरत नाही. स्टेलिंग मास्तरांचं निदान ठरलेलं: मेंदू म्हणजे जमीन, लॅटिन-भूमिती म्हणजे नांगर. जमीन दाद देत नाही? मग आणखी नांगरा.

इलियट फक्त उपमान बदलते. मेंदूला पोट म्हणून पाहा, मग हेच शिकवणं म्हणजे ज्याला चीज पचत नाही त्याला पचन सुधारावं म्हणून चीजच चारणं. मुलगा तोच, पुस्तकं तीच, निष्कर्ष मात्र पार उलटा. आणि तिथेच ती थेट ॲरिस्टॉटलला हाक मारते: तू आजचा असतास, तर रूपकाची थोरवी गाताना, बुद्धीला रूपकावाचून क्वचितच बोलता येतं याची खंतही केली नसतीस का?

तिचा रोख आहे ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्र’ (पोएटिक्स) या ग्रंथाच्या २२व्या प्रकरणाकडे. रूपक साधणं ही सर्वांत मोठी गोष्ट, ती दुसऱ्याकडून घेता येत नाही, ती उपजत प्रतिभेची खूण, असं तिथे म्हटलंय. पण तेवढंच वाचून भागत नाही, एक प्रकरण मागे जावं लागतं. २१व्यात रूपकाचे चार प्रकार आहेत. चौथा प्रमाणाचा: दिवसाला जशी संध्याकाळ तसं आयुष्याला म्हातारपण, म्हणून म्हातारपण ही ‘आयुष्याची संध्याकाळ’. मास्तरांचा नांगर याच साच्यातला. त्यात मेंदू आणि जमीन ही जोडी कुणी तपासलेलीच नाही, ती गृहीत धरलीय, आणि त्याची शिक्षा टॉम भोगतोय. मला हा उतारा काव्यशास्त्रावरच्या कित्येक टीकांपेक्षा मोलाचा वाटतो.

मराठीतून वाचताना इथे एक घोटाळा होतो. आपलं ‘रूपक’ म्हणजे उपमेय-उपमानाचा अभेद. ॲरिस्टॉटलचा शब्द त्याहून ऐसपैस: नांगर टाकलेलं जहाज ‘उभं आहे’ म्हटलं तरी त्याच्या लेखी ते रूपकच, कारण ‘उभं असणं’ हा सामान्य शब्द ‘नांगरून असणं’ या विशेषासाठी आला. आपण त्याला लक्षणा म्हणू, म्हणजे मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं.

‘डॅनियल डेरोंडा’त (१८७६) ४१व्या प्रकरणाच्या डोक्यावर तिने काव्यशास्त्रातलंच वाक्य घेतलंय, नाटककार अगाथॉनच्या नावाने आलेलं: पुष्कळ असंभाव्य गोष्टी घडणं हेही संभाव्यच. मुळात, १८व्या प्रकरणात, ते रंगभूमीबद्दल आहे: हुशार लबाड फसतो, शूर पण अन्यायी माणूस हरतो, ते प्रेक्षकाला का पटतं याबद्दल. इलियटने ते तिथून उचलून एका विचारात पडलेल्या माणसापुढे ठेवलं. आजारी ज्यू विचारवंत मोर्डेकाय कादंबरीच्या नायकाला, डेरोंडाला, सांगतो की मी तुझीच वाट पाहत होतो, आणि डेरोंडाला ठरवायचंय, याला वेडा म्हणून सोडून द्यायचं की ऐकून घ्यायचं.