मासीकची कमान: पट्ट्या चिकटवून डेक बीम करण्याचा माझा अनुभव

सांगाड्यावर कापड ताणून केलेल्या कायाकमध्ये डेक बीम म्हणजे दोन्ही काठांच्या लांब पट्ट्यांना, म्हणजे गनेलना, जोडणाऱ्या आडव्या दांड्या. त्यातल्या बहुतेक सरळ असतात. लाकूड कापायचं, टोकांना कुसू, म्हणजे भोकात शिरणारी जीभ, काढायचं, गनेलच्या भोकात बसवायचं, झालं. वेळ खातात त्या पायांच्या वरच्या दोन-तीन बाकदार दांड्या, आणि त्यातही मासीक. बसायच्या जागेच्या लगेच पुढची ही कमान. वल्हवताना मांड्या तिला खालून टेकवून होडी धरायची असते आणि कायाक उलटलीच, तर तिलाच मांडीचा रेटा देऊन सुलटी करायची असते. सगळ्या दांड्या लॅमिनेट करणारे, म्हणजे पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून बनवणारे लोकही आहेत. माझ्या मते सरळ दांडीला पट्ट्या चिकटवणं म्हणजे गोंदाची आणि दिवसाची नासाडी. मी फक्त बाकदार दांड्याच तशा करायचं ठरवलं.

ग्रीनलंडच्या जुन्या कारागिरांना लाकूड मिळायचं ते समुद्रातून वाहून आलेलं, बरंचसं सैबेरियातल्या नद्यांनी लोटून दिलेलं. त्यात एखादी मुळातच वाकडी फांदी किंवा मूळ सापडलं, तर त्याची मासीक करत. अशा तुकड्यात तंतू कमानीबरोबर वळलेले असतात. त्याला तोड नाही. पण असा तुकडा हाती नसेल, तर जाड फळीतून कमान कापून काढायचा मोह होतो, आणि तिथंच घात असतो. मधल्या भागात तंतू सरळ धावतात, टोकांकडे मात्र ते तिरके होऊन कडेला बाहेर पडतात. नेमकं कुसू जिथं काढायचं, तिथंच लाकूड आडवं चिरायला तयार. वाफेवर वाकवायचा मार्गही आहे, पण भट्टीत वाळवलेलं जाड लाकूड वाफेला दाद देत नाही, आणि साच्यातून काढल्यावर दर वेळी वेगवेगळं उलगडतं. होडीच्या बरगड्यांना ते चालतं, कुसवाच्या दांडीला नाही.

म्हणून पातळ पट्ट्या. पट्टीची जाडी निम्मी केली की ती वाकवायला लागणारा जोर आठव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे 3.5 मिमीची ॲश लाकडाची पट्टी हातानं थंडच वाकते. साच्यातून काढल्यावर कमान किती उलगडेल, याचा ढोबळ हिशोब असा: साच्यातला बाक भागिले पट्ट्यांच्या संख्येचा वर्ग. माझ्या मासीकचा उठाव, म्हणजे टोकांपेक्षा मध्याची उंची, 50 मिमी होता. दोनच जाड पट्ट्या घेतल्या तर साडेबारा मिमी परत जाणार, चार घेतल्या तर तीनेक, सहा घेतल्या तर दीडच्याही आत. सहा पट्ट्या, एकूण जाडी 21 मिमी. यापेक्षा जास्त करण्यात अर्थ नव्हता, कारण करवतीचं पातं प्रत्येक कापाला जवळपास 3 मिमी खातं. पट्टीइतकाच भुसा! बँडसॉ, म्हणजे पातळ पात्याची पट्टा-करवत, असेल तर हे नुकसान बरंच कमी होतं.

लॅमिनेशनचा विषय निघाला की सगळे गोंदावर बोलतात. मला विचाराल तर काम ठरतं ते साच्याच्या टोकांवर. माझ्या आराखड्यात गनेल वरच्या बाजूला 17 अंश बाहेर झुकलेले आहेत. म्हणजे दांडी त्यांना काटकोनात भेटायची, तर तिची टोकंही 17 अंश खाली उतरायला हवीत. एकसलग गोल कमान काढली की टोकाचा कोन नशिबावर जातो. म्हणून साच्यावर मधला भाग साधारण 580 मिमी त्रिज्येचा गोल काढला आणि दोन्ही बाजूंचा शेवटचा 80 मिमी भाग, 17 अंशांवर, पूर्ण सरळ ठेवला. याचा फायदा पुढे कुसू काढताना दिसला. माझ्या गनेलमधली भोकं साधारण 10 मिमी जाडीची. सहापैकी मधल्या तीन पट्ट्या बरोबर तेवढ्या भरतात. टोक सरळ असल्यामुळे गोंदाच्या रेषा कुसवाला समांतर राहिल्या आणि कुसू तीन अखंड पट्ट्यांचं निघालं, मुळापासून टोकापर्यंत एकही तंतू न तुटता. पटाशीला जणू आखून दिलेली रेघच मिळाली.

साचा प्लायवुडचे थर एकावर एक चिकटवून केला, क्लॅम्पसाठी आत मोठी भोकं पाडली आणि गोंद लागेल तिथं चिकटपट्टी गुंडाळली. वरून दाबायला तशाच बाकाचा दुसरा तुकडा. पट्ट्या तयार रुंदीपेक्षा 5 मिमी जास्त रुंद आणि दोन्ही टोकांना चांगल्या लांब ठेवल्या, कारण वाकताना आतली आणि बाहेरची पट्टी सारख्याच लांबीत संपत नाहीत. सगळ्या पट्ट्या एकत्र धरून कडेवर मध्यरेषा मारली आणि एकदा कोरडीच बांधून पाहिली. कोरड्यात जिथं फट राहते, तिथं गोंद लावूनही राहते.

गोंद म्हणून इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून करायचा राळेचा गोंद, घेतला. सुतारकामातला पांढरा गोंद सतत ताण असला की हळूहळू सरकतो, आणि वाकवलेल्या पट्ट्यांमध्ये ताण कायमचाच. फेसाळणारा पॉलियुरेथेन गोंद फटी भरल्यासारखा दिसतो, पण फेसाला ताकद नसते. इपॉक्सीचा आधी नुसता पातळ हात दिला, लाकडाला पिऊ दिलं, मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेला दुसरा. कालवलेला गोंद भांड्यात तसाच ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेनं लवकर आवळतो, म्हणून पसरट ताटलीत ओतून घेतला. हातमोजे मात्र हवेतच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा सुरू झाली की सहसा जात नाही.

पहिला क्लॅम्प मध्यरेषेवर, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. ओला गोंद लागल्यावर पट्ट्या पत्त्यांचा कॅट तिरका व्हावा तशा कडेला सरकू लागतात. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावलेले ठोकळे हलकेच आवळून ठेवले, तेव्हा कुठे त्या जागेवर राहिल्या. इपॉक्सीत जोर लावून क्लॅम्प पिळायचे नाहीत. रेषा मिटली, कडेला गोंदाचे बारीक मणी आले की थांबायचं, नाहीतर सांध्यात गोंदच उरत नाही. ते मणी रबरासारखे झाले की पटाशीनं सोलून निघतात. पूर्ण वाळल्यावर तेच काम रंध्याच्या पात्याची धार घालवतं. पुढचा पूर्ण दिवस साच्याला हात लावला नाही.

साच्यातून सोडवल्यावर कमान आधी पाण्यानं पुसली, कारण काही इपॉक्सींवर मेणासारखा तवंग येतो आणि वर रोगण धरत नाही. मग कडा रंधून 45 मिमीवर आणल्या. कुसू काढताना खांदे तिरक्या गुण्यानं आखले आणि दोन्ही टोकांचे कोन गनेल जागेवर बांधूनच ताडून पाहिले, कागदावरच्या 17 वर विसंबून नाही. बसवल्यावर प्रत्येक कुसवातून बांबूची खुंटी आरपार. मासीकची खालची कड मी भरपूर गोल केली. मांडी तिथं तासन्‌तास टेकते, आणि दांडी बसवल्यानंतर आत वाकून ती घासणं फार जिवावर येतं.

उरलेल्या पट्ट्या कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या भोकाच्या, कड्याला लावायच्या असतील, तर त्या आणखी पातळ कराव्या लागतात. तिथला बाक खूपच घट्ट असतो, 3.5 मिमीची पट्टी थंड वाकवायला गेलं तर टचकन मोडते. मी 2 मिमीवर आणल्या आणि तरीही वाकवण्याआधी गरम पाण्यात भिजवल्या. गोंद लावायच्या आधी त्या साच्यावर तशाच बांधून नीट वाळवाव्या लागतात.