माघी वारीत तेलाचे भांडे

बेळगावच्या पश्चिम भागातल्या आणि खानापूरकडच्या खेड्यांतल्या पुष्कळ वारकऱ्यांना आषाढीपेक्षा माघी वारी सोयीची पडते, कारण आषाढात भाताची कामे अंगावर आलेली असतात, तर माघापर्यंत सुगी आटोपून भात घरात आलेले असते आणि माणूस मोकळ्या मनाने बाहेर पडू शकतो. आमची दिंडी काकती, हत्तरगी, संकेश्वर, चिकोडी, अंकली, कागवाड या वाटेने मिरज गाठते आणि तिथून सांगोल्यावरून पंढरपूरला जाते. यंदा संकेश्वरपासून आमच्याबरोबर निपाणीकडचे एक निवृत्त शिक्षक चालले. त्यांच्याकडून मी बरीच वर्षे पाली सुत्तांचा, म्हणजे पाली भाषेतल्या बुद्धांच्या उपदेशांचा, अर्थ समजून घेत आलो आहे. बुद्धांनी मनाविषयी दिलेले दाखले मी वाचले होते, पाठही केले होते. पण ते चालता चालता स्वतःवर करून पाहता येतात, हे मला या वाटेवर कळले आणि त्याविषयीच लिहायचे आहे.

या गुरुजींच्या घरी १९२५ सालची आठवण अजून सांगितली जाते. त्या वर्षी निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती आणि तंबाखूच्या वखारीत काम करणारे त्यांचे आजोबा ती ऐकायला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्यानंतर हे घर बौद्ध झाले. दिंडीत ते शेवटच्या रांगेत चालत, हरिपाठाच्या वेळी शांतपणे बाजूला बसत. त्यांना कोणी बुक्क्याचा आग्रह केला नाही आणि त्यांनीही आमच्या भजनाविषयी कधी वावगा शब्द काढला नाही. जुन्या पंचांगांतल्या दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी, बुद्धाच्या नावाखाली, कटेवर हात ठेवलेला विठ्ठल छापलेला असे, हे आमच्यातल्या एका वृद्ध टाळकऱ्यांनी त्यांना आवर्जून सांगितले. गुरुजींनी ते ऐकून घेतले. त्यावरून वाद घालण्यासाठी मी आलेलो नाही, एवढेच ते म्हणाले.

संकेश्वर सोडल्यावर पहिल्याच टप्प्यात तरुण पोरांनी पाय उचलले आणि चिकोडीच्या अलीकडच्या विसाव्यावर त्यांतले बरेच जण तळव्यांचे फोड बघत बसले. तिथे गुरुजींनी सोणाची गोष्ट काढली. हा चंपा नगरीतल्या श्रीमंत घरचा मुलगा, अतिशय नाजूक वाढलेला. भिक्षू झाल्यावर त्याने चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत करायची साधना, इतक्या निकराने चालवली की पाय फुटून वाट रक्ताने माखली. तरीही मन मोकळे होत नाही, तेव्हा घरी परत जाऊन संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि दानधर्म करावा, असा विचार त्याच्या मनात आला. बुद्धांनी त्याला त्याच्याच हातातली गोष्ट विचारली: घरी असताना तू वीणा चांगली वाजवायचास ना, मग तारा फार ताणल्या तर ती वाजायची का, फार ढिल्या सोडल्या तर वाजायची का? प्रयत्न अति ताणला की मन सैरभैर होते आणि सैल सोडला की आळसावते, म्हणून तो समतोल राखावा, असा त्याचा अर्थ. आमचे विणेकरी हे लक्ष देऊन ऐकत होते. काकड्याच्या वेळच्या गारठ्यात लावलेली तार दुपारच्या उन्हात उतरते आणि ती पुन्हा पाहावी लागते, हा त्यांचा रोजचा अनुभव. एकदा जुळवली म्हणून कामाचा निकाल लागत नाही, दिवसातून कितीदा तरी कान तिच्याकडे न्यावा लागतो, असे ते म्हणाले. सोणाच्या दाखल्यावर मी वाचलेल्या कोणत्याही विवेचनापेक्षा मला हे बोलणे अधिक नेमके वाटले.

फोडांवरूनच दोन बाणांचा दाखला निघाला. अडाणी माणसाला एक बाण लागतो आणि त्याच जागी तो स्वतःच्या विलापाने दुसरा मारून घेतो; जाणत्याला फक्त पहिला लागतो. माझ्या टाचेलाही फोड होता, म्हणून मी हे पुढच्या टप्प्यात करून पाहिले. फोडाचे दुखणे पाऊल टेकताना येत होते आणि पाऊल उचलले की जवळजवळ जात होते. मधल्या वेळात जे दुखत होते ते मिरजेपर्यंतच्या अंतराचे, उद्याच्या पायाचे आणि मागे पडण्याच्या लाजेचे होते. दोन्ही वेगळे दिसू लागल्यावर फोड बरा झाला नाही, पण चालणे जमले.

ज्या दाखल्याने मला सर्वांत अधिक विचारात पाडले, तो संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहात आहे. सुंभ देशातल्या सेदक नावाच्या गावी बुद्धांनी भिक्षूंना तो सांगितला. देशातली सर्वांत सुंदर नर्तकी गात-नाचत असते, तिला पाहायला लोकांची झुंबड उडालेली असते, आणि जगण्याची इच्छा असलेल्या एका माणसाला तेलाने काठोकाठ भरलेले भांडे घेऊन नर्तकी आणि गर्दी यांच्या मधून जायचे असते. मागे तलवार उपसलेला माणूस चालतो. जिथे थेंब सांडेल तिथेच मुंडके उडेल. असा माणूस भांडे विसरून बाहेर लक्ष देईल का, असे बुद्ध विचारतात, आणि ते भरलेले भांडे म्हणजे कायेविषयीची जागरूकता, असे सांगून थांबतात.

आमच्या दिंडीत तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या मावशी आहेत. पितळी वृंदावनाखाली जुन्या लुगड्याची चुंबळ, मान सरळ, आणि एक हात वर असला तरी तो आधाराला नसतो, नुसता काठाला टेकलेला असतो. चिकोडीहून अंकलीकडे जाताना त्या काळात उसाची वाहतूक जोरात असते. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून अंगावरून जातात आणि बाहेर लोंबणारे उसाचे वाढे खांद्याला घासते. असा एक ट्रॅक्टर अगदी जवळून गेला तेव्हा मी मावशींच्या मागेच होतो. रांगेतल्या साऱ्या माना तिकडे वळल्या. मावशींचे पाऊल अर्ध्यात थबकले, ट्रॅक्टरचा वारा निघून जाईपर्यंत तसेच राहिले आणि मग टेकले. तोंडातला ‘ज्ञानोबा तुकाराम’ मात्र एका मात्रेनेही चुकला नाही. वृंदावनातल्या ओल्या मातीचा कणही खाली पडला नाही. सेदकचा दाखला माझ्यासमोर चालत होता, असे मला वाटले आणि ते मी गुरुजींना लगेच सांगितले.

अंकलीच्या मुक्कामी गुरुजींनी तो दाखला सर्वांना सांगितला. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या आषाढी पालखीचे मानाचे अश्व याच गावातल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून दरवर्षी पायी आळंदीला जातात, त्यामुळे इथे दिंडीचे आगतस्वागत मोठ्या मायेने होते आणि ऐकायला गावचे लोकही बसले होते. दाखला संपल्यावर मावशी म्हणाल्या, “गुरुजी, त्या माणसाच्या मागं तलवारवाला हाय, म्हणून त्यो सांडत न्हाई. माझ्या मागं कोण हाय? मी तर मायेनं धरलंय. भ्यानं धरलेलं आन् मायेनं धरलेलं, दोन्ही एकच का हो?”

गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. मग ते एवढेच म्हणाले, “आक्का, याचं उत्तर मला आज देता येणार नाही.”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जागरूकतेविषयी आपण बोलतो तेव्हा ती एखाद्या पहाऱ्यासारखी, धाकातून आलेली असावी असे बहुधा गृहीत धरतो. मावशींची जागरूकता धाकाची नव्हती आणि तरी ती ट्रॅक्टरपुढे ढळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णेच्या पुलावरून मांजरीकडे जाताना मिठाच्या खड्याचा दाखला निघाला. तोच खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही आणि गंगेत टाकला तर कळतही नाही. मन मोठे असले की दुःख सोसते, असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात. गुरुजींना हा अर्थ अपुरा वाटतो, कारण सुत्तात विषय कर्मफळाचा आहे: शील, चित्त आणि प्रज्ञा यांची जोपासना न केलेल्या माणसाला जे लहानसे दुष्कृत्य दुर्गतीला नेते, तेच जोपासना केलेल्याच्या आयुष्यात किंचित भोगून संपते. माणूस केलेल्या कर्माने कायमचा बांधला गेला असता तर साधनेला वावच राहिला नसता, हा त्यामागचा विचार आहे. माघात कृष्णा उतरलेली असते, दोन्ही काठांना उसाचे मळे असतात, तरी पुलावरून खाली पाहताना खडा कुठे विरेल हे विचारावे लागत नाही.

कागवाडला एका कन्नड घरात आमची पंगत झाली. “ऊटा माड्री”, म्हणजे जेवण करा, असे म्हणत घरच्या आजी जोंधळ्याच्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी वाढत होत्या. जेवणानंतर गुरुजींनी आपणहून मावशींना बोलावले. त्यांनी सांगितले ते असे. सेदकच्या सुत्तात बुद्धांनी भांड्याचा अर्थ सांगितला आहे, तलवारीचा सांगितलेला नाही; ती भीतीच असली पाहिजे असे धरून बसायचे कारण नाही. शिवाय सुत्तनिपात या दुसऱ्या संग्रहातल्या मेत्त सुत्तात, म्हणजे मैत्रीविषयीच्या सुत्तात, दुसरा दाखला आहे. आई आपल्या एकुलत्या एका लेकराला जीव पणाला लावून जपते, तसे सर्व प्राण्यांविषयी अमर्याद मन वाढवावे, वर, खाली आणि आडवे, वैर न ठेवता. आणि त्याच्या लगेच पुढे येते की उभे असताना, चालताना, बसलेले असताना, पडलेले असताना, झोप लागेपर्यंत ही जागरूकता धरून राहावे. तेव्हा माया आणि जागरूकता बुद्धांनीच एका ठिकाणी ठेवली आहेत, आणि चालणेही तिथे नाव घेऊन आलेले आहे. घरच्या आजींसाठी गुरुजींनी हे सारे पुन्हा कन्नडमध्ये सांगितले. विठोबा आणि बुद्ध यांच्यातले अंतर त्यांनी कुठेही पुसले नाही. मावशींची माया एका मूर्तीपाशी सुरू होते आणि सुत्त तशी सुरुवात मागत नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. मावशींना ते लागले नाही. त्या म्हणाल्या, “सुरू कुठनं बी होऊ दे, पोचायचं साऱ्यांच्यापत्तर हाय, न्हवं?”

कागवाडहून म्हैसाळकडे निघताना गुरुजींना मावशींनी शेवटच्या रांगेत जाऊ दिले नाही. ते बायकांच्या रांगेशेजारून चालत होते आणि आणखी दाखले मागितल्यावर त्यांनी सहा प्राण्यांचा सुरू केला: साप, मगर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड एका दाव्याला बांधले तर साप वारुळाकडे, मगर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा मसणवट्याकडे आणि माकड रानाकडे ओढणार, तशी डोळे, कान, नाक, जीभ, काया आणि मन यांची ओढाताण, पण दावी भक्कम खांबाला बांधली की ओढून ओढून दमलेले सारे खांबाशीच बसतात. मावशींनी वृंदावनाचा काठ सावरत विचारले, “खांब रोवायचा कुणी, गुरुजी, ज्याचं त्यानं का साऱ्यांनी मिळून?” आणि मिरजेची वेस येईपर्यंत त्या दोघांचे त्यावर बोलणे चालू होते.